आप्पांनी जपानी राजाला सुनावलं

मंडळी, आज दुपारी कळंबच्या घरी धमालच झाली!

मी मोबाइलवर हिंदीत डब केलेलं जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे तिकडचं कार्टून, बघत होते. त्यात राजाचा शेतकऱ्याला हुकूम सुटला, पीक फक्त माझ्याच कोठारात घाला. शेजारी बसलेले माझे आजोबा, आप्पा, एकदम ओरडले, "देऊ नगंस रं! पीक तुझं हाय!"

मग कळलं. ऐंशीच्या दशकात ऊस ठरलेल्या सहकारी साखर कारखान्यालाच घालायची सक्ती होती. विहीर आटली, कारखान्याची तोडणीची टोळी येईना, ऊस वाळायला लागला. आप्पांनी सरळ शेतात गुऱ्हाळ घातलं!

"म्हणजे तुम्हाला सहकार नकोच होता?" मी विचारलं.

"तसं न्हाय गं. गूळ आटवायची काहील आमी पाच जणांनी मिळूनच आणली. पर कुणाच्या धाकानं न्हाय, आमच्या मर्जीनं."

सांगा बरं, तो जपानी चित्रकार आमच्या शेतात कधी येऊन गेला?