हलक्या बॅटरीची तपासणी

माझी नोकरी संशय घेण्याची होती. बंगळुरूच्या एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात, आवक तपासणी विभागात, मी सगळी नोकरी काढली. बाहेरून आलेला माल, मग तो साधा स्क्रू असो की अख्खा ट्रान्सफॉर्मर, आधी आमच्या टेबलावर यायचा, आणि त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचा आम्हाला पगार मिळायचा. डब्यावर काय छापलंय ते वाचायचं आणि ते खोटं आहे असं धरून कामाला लागायचं. चोख निघाला तर हिरवी चिठ्ठी, नाही तर लाल. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. भाजीवाल्याचा काटा मी आधी रिकामा बघते. त्याला ते आवडत नाही, पण आता सवय झाली आहे.

त्यामुळे एका सकाळी आमच्या ह्यांनी चहा पिता पिता, अगदी सहज सांगावं तसं, "अगं, गाडीला लिथियमची बॅटरी घ्यावी म्हणतोय, लाइटवेट," असं म्हटलं तेव्हा माझे कान टवकारले. इतक्या सहज सांगितलेली गोष्ट सहज नसते.

आधी गाडीबद्दल सांगते. हे एका संशोधन संस्थेत होते. तिथे असेपर्यंत स्कूटर आणि नंतर चारचौघांसारखी पांढरी गाडी, यापलीकडे मजल गेली नाही. निवृत्त झाले आणि देश सोडून निघालेल्या कुणाकडून तरी एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. लाल, दोनच माणसांची, आणि जमिनीला इतकी टेकलेली की तिच्यात बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं. साठी बुद्धी नाठी, असं मी त्या दिवशी तोंडावर सांगितलं. हे हसले. महादेवपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या तळघरात ती आठवडाभर उभी असते. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो, तेव्हा तिला होसकोट्याच्या बाजूला एक चक्कर मिळते. एरवी आमच्या भागात ती काढली तर रिक्षासुद्धा पुढे निघून जाते.

उभी राहून राहून तिची बॅटरी उतरायची. तळघरात प्लग नाही. मागितला तर असोसिएशनने 'सेफ्टी' म्हणून हात वर केले. मग हे ती शिशाची बॅटरी डिकीतून काढून, लिफ्टने वर आणून, बाल्कनीत चार्जिंगला लावायचे. पिठाच्या भरल्या डब्यासारखी जड. पण तक्रार कधी नव्हती, उलट त्यात त्यांना मजा येते असं मला वाटायचं.

मग आताच हलकी बॅटरी कशाला? विचारलं तर म्हणाले, "पॉवर टु वेट रेशो सुधारतो गं. स्पोर्ट्स कारमध्ये प्रत्येक किलो महत्त्वाचा."

"मग पोट कमी करा," मी म्हटलं. "तेवढंच वजन फुकटात उतरेल."

पण पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला कळलं होतं. रविवारी गाड्या घेऊन निघणाऱ्या ह्यांच्या टोळीत सगळी तरुण पोरं. महादेवपुऱ्यातल्या नाही तर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांतली, महागडे बूट घालणारी. ती चेन्नईच्या बाजूच्या रेसट्रॅकवर गाड्या पळवायला जातात हे मला माहीत होतं. हेही तिकडे जायच्या विचारात आहेत, असं मी ताडलं. तशी लक्षणंही दिसत होती. जन्मभर इस्त्रीचा, बटणांचा शर्ट घालणारा माणूस टी-शर्ट घालायला लागला होता. लेसचे बूट गेले, नुसते पाय सरकवायचे बूट आले. लग्नातलं घड्याळ कपाटात गेलं, का तर "वेळ मोबाइलवर दिसते." आणि कहर म्हणजे वरणभात चमच्याने! आमच्या घरात वरणभात चमच्याने खाल्लेला मी तोवर पाहिला नव्हता. मी मनात म्हटलं, पोरांच्या नादाने हेही पोर झाले. ट्रॅकवर कुठेतरी मान मोडून घेतील, ही धास्ती मला बसली. खरं सांगायचं तर त्या धास्तीने मला झोप लागेना.

मी उघड विरोध केला नाही. विरोध केला की माणूस सावध होतो. मी म्हटलं, घ्यायचीच आहे तर मी तपासून घेणार. ती बॅटरी अशी काही धारेवर धरायची की एकही विकणारा टिकू नये आणि विषय आपोआप संपावा, असा माझा बेत होता.

बेत सोपा निघाला, कारण माल तसाच होता. डब्यावर ठळक अक्षरात साठ अँपिअर-अवर, आणि खाली मुंगीच्या अक्षरात 'शिशाच्या बॅटरीच्या तुलनेत'. म्हणजे आत खरं जे काही आहे ते त्याच्या निम्म्यानेही नाही, पण गाडी सुरू करायला तेवढं पुरतं, म्हणून साठ म्हणायचं. खोटं नाही आणि खरंही नाही. असल्या मालाचा मला फार राग येतो. एका विक्रेत्याने फोनवर "मेडम, सेल इम्पोर्टेड है" म्हणून सांगितलं. कुठून, विचारलं तर म्हणाला, "बाहर से." दुसऱ्याला विचारलं, आतलं रसायन कोणतं, लोह-फॉस्फेट की दुसरं काही, कारण तापल्यावर सगळी सारखी वागत नाहीत. तो म्हणाला, "मेडम, लिथियम याने लिथियम." तिसऱ्याला विचारलं, जास्त उतरली तर स्वतःला बंद करून घेणारं सर्किट आत आहे का आणि गाडीचा अल्टरनेटर देईल तो व्होल्टेज तिला सोसेल का. त्याने फोनच ठेवून दिला.

हे शेजारी ऐकत बसायचे आणि शेवटी इतकंच विचारायचे, "पण वजन किती म्हणाला?"

वजन. प्रत्येक वेळी वजन. माझा संशय पक्का होत गेला.

शेवटी उरला होसकोट्याच्या औद्योगिक भागातला एकजण. त्याचं छोटं वर्कशॉप होतं आणि तो सेल आणून स्वतः बॅटऱ्या बांधायचा. फोनवर त्याने माझ्या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली, म्हणून मला त्याचा जास्तच संशय आला. समोर जाऊन बघायचं ठरवलं. रविवारी सकाळी त्याच लाल गाडीतून निघालो. हे चालवत होते. गिअर बदलताना गाडी दर वेळी किंचित डावीकडे ओढ घेत होती. एकदा तर बाजूच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"अलाइनमेंट गेलंय तुमच्या लाडकीचं," मी म्हटलं. "हलकी बॅटरी कसली घेताय, आधी चाकं बघा."

"बघतो," हे म्हणाले. एवढंच. एरवी त्या गाडीला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही.

वर्कशॉपचा मालक कपाळाला विभूती लावलेला, तोंडभर हसणारा माणूस. "बन्नी मेडम, कूतकोळी," म्हणत त्याने दोन स्टुलं पुढे सरकवली. मी बसले नाही. त्याने काउंटरवर एक जुनी शिशाची बॅटरी ठेवली आणि शेजारी त्याची लिथियमची. आकार जवळजवळ सारखा. वजनातला फरक दाखवायचा त्याचा हा नेहमीचा खेळ असणार.

"हाथ में लेके देखिए, सर."

मी आधी ती लिथियमची उचलली. इतकी हलकी की मला वाटलं, आत काही नाहीच, नुसतं खोकं. कानाशी हलवून बघितली. मीटर मागितला, व्होल्टेज बघितला. आतले सेल बघायचे म्हटल्यावर त्याने तशीच दुसरी, झाकण उघडं असलेली, पुढे केली. मला काही सापडेना. याचं मला वाईट वाटलं, हे कबूल करते.

मग मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही उचलून बघा. आधी ती शिशाची, मग ही."

ह्यांनी डावा हात पुढे केला.

"डाव्याने नाही हो. नेहमीच्या हाताने उचला, म्हणजे फरक कळेल."

"कशाला? दिसतंय की हलकी आहे."

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. उचला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जड बॅटरी सोडून सरळ हलकी उजव्या हातात घेतली. काउंटरपासून वीतभर वर आली असेल. बोटं मिटलीच नाहीत. ती निसटली, काउंटरच्या कडेवर आपटली आणि फरशीवर पडली.

"परवागिल्ला सर, परवागिल्ला, डेमो पीस है," असा धीर देत मालक खाली वाकला. एरवी मी आधी त्या बॅटरीचा कोपरा बघितला असता, पडलेला सेल वापरायचा नसतो हे त्याला चार शब्दांत सुनावलं असतं. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. तो तसाच अर्धा उघडा लोंबकळत होता आणि हे डाव्या हाताने तो पाठीमागे लपवायला बघत होते.

शर्टाची बटणं. बुटांची लेस. घड्याळाचा पट्टा. वरणभात. आणि गिअर. आपल्याकडे गिअर डाव्या हाताने बदलतात, आणि तेवढा वेळ स्टिअरिंग एकट्या उजव्या हातात असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून." हे मराठीत बोलत होते तरी मालकाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग दिवाळीत ती जुनी बॅटरी लिफ्टमध्ये हातातून सुटली. पायावर पडता पडता वाचलो. म्हटलं, हलकी असली की निभेल."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू लाल चिठ्ठी लावली असतीस. गाडीला, आणि मला."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तोही कुणावर काढावा ते कळेना. आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. ज्या पुरवठादाराचा माल वर्षानुवर्षं चोख येतो त्याला 'स्वयंप्रमाणित' म्हणायचं. त्याचा माल आमच्या टेबलावर न येता, त्याच्याच शब्दावर, थेट स्टोअरमध्ये जायचा. ह्यांच्या तब्येतीला मी कधीच तो दर्जा देऊन टाकला होता. "कसे आहात?" विचारायचं, "ठणठणीत" ऐकायचं आणि माल आत घ्यायचा. जगातल्या बॅटऱ्यांची उलटतपासणी मी करत होते आणि रोज शेजारी बसून जेवणारा हात मी एकदाही हातात घेऊन बघितला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"किल्ली द्या," मी म्हटलं.

ती गाडी मी कधी चालवली नव्हती, तिच्यावरच्या रागामुळे. त्या दिवशी चालवली. थेट महादेवपुऱ्यापर्यंत. ह्यांचा उजवा हात आमच्या दोघांच्या मधे, मांडीवर पडला होता आणि गिअर बदलताना माझा हात त्याला लागत होता. गाडी सरळ चालत होती. अलाइनमेंटमध्ये काहीही दोष नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली नस दबली आहे. उपचार होईल, काही ताकद परत येईल. "थोडं आधी आला असता तर," एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

लाल आणि हिरव्याशिवाय आमच्याकडे एक पिवळी चिठ्ठीही असायची. दोष आहे, तो मान्य आहे, पण माल टाकायचा नाही. कुठे चालेल आणि कुठे नाही ते ठरवून वापरायचा. ती चिठ्ठी मी नोकरीत फार कमी वेळा लावली, कारण तिच्यावर सही करणाऱ्याला पुढे कायम लक्ष ठेवावं लागतं.

बॅटरी आम्ही त्याच माणसाकडून घेतली. ती मीच बसवली आणि उतरली तर वर आणायचं कामही माझं. रविवारी मी चालवते आणि हे शेजारी बसून माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवतात. टी-शर्ट मी कपाटात टाकले. सकाळी इस्त्रीचा शर्ट काढते आणि वरून खाली एकेक बटण लावते. हे छताकडे बघत उभे राहतात. बटणं झाली की मी त्यांचा उजवा हात हातात घेते आणि म्हणते, "दाबा."

हे दाबतात. कधी जोर कालच्यापेक्षा कमी वाटतो, कधी जास्त. परवा इतका जास्त वाटला की मी खाली बघितलं. त्यांनी डावा हातही वरून धरला होता.

"खोटं," मी म्हटलं. "परत. एकट्या उजव्याने."