मंगळवारचा तवा

"बोलू नका, करून दाखवा."

डहाणू स्टेशनजवळच्या गल्लीत गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्या मावशींकडे तुम्ही कधी गेला असाल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. नवी शेगडी घ्यायची म्हटलं की त्या कंपनी, किंमत काही सांगायच्या नाहीत. स्टुलावरून उठायच्या, समोरचं लाकडी टेबल रिकामं करायच्या आणि म्हणायच्या, "हा तुमचा ओटा. संध्याकाळचा स्वयंपाक करून दाखवा." मग चांगली शहाणीसुरती माणसं त्या टेबलापुढे उभी राहून हवेत कांदा चिरायची, हवेत भाकरी उलटायची. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तिथे खोटी आमटी ढवळताना मी स्वतः पाहिलंय. मावशींनी ते दोन मिनिटं शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही कधी स्वयंपाक केलेला नाही. घरातून कुणाला तरी पाठवा."

समुद्रकिनाऱ्यावर हॉटेल काढलेला एक माणूस पाच मोठी ग्रिल मागायला आला होता. त्याला टेबल दाखवल्यावर तो म्हणाला, "मी कशाला? माझा आचारी आहे ना."

"मग आचाऱ्याला पाठवा," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा बर्नरची भोकं साफ करायला लागल्या.

त्या मूळच्या चिंचणीच्या. वडील होड्यांवरच्या गॅसबत्त्या आणि पंपाचे स्टो दुरुस्त करायचे. त्यांच्याजवळ बसून ही विद्या शिकलेल्या. राहायच्या चिंचणीतच, भावाच्या घरी. सकाळी एसटीने डहाणूला यायच्या आणि संध्याकाळी साडेसातच्या गाडीने परत जायच्या. साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. बोटांच्या पेरांत काळी रेघ कायमची बसलेली.

मी तलासरीच्या शाळेत शिकवते आणि डहाणूला राहते. हे तारापूरच्या एका कारखान्यात. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती. ह्यांची दुसरी पाळी नसली तरी घरी पोचायला आम्हा दोघांनाही सात वाजायचे, तेव्हा आठच्या आत ताटं वाढणं ही माझ्यासाठी रोजची परीक्षाच होती.

२०१५ साली एका संध्याकाळी उंदराने गॅसची रबरी नळी कुरतडली. मला वास आला नाही. सर्दी झाली होती, खिडकी बंद होती. लायटर दाबला आणि स्वयंपाकघर एकदम उजळलं. डावा हात कोपरापर्यंत भाजला, पुढचे केस गेले. मुलगी बाहेरच्या खोलीत होती म्हणून वाचली.

हात महिन्याभरात बरा झाला. पण गॅसजवळ गेले की माझा अंगठा लायटरवर तसाच राहायचा, खाली जायचाच नाही. ह्यांना वाटलं, होईल हळूहळू. झालं नाही. ह्यांची दुसरी पाळी नसली की हे खिचडी करायचे, असली की आम्ही मायलेकी पाव आणि केळी खायचो. शाळेत मी मुलांना धीट व्हायला सांगायची आणि घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

शेवटी आपण बाहेर स्वयंपाक करू, असं ह्यांनी सुचवलं. मागच्या अंगणात मोकळी हवा होती, गॅस कोंडायचा प्रश्न नव्हता. हे वापीला एका मोठ्या दुकानात जाऊन एक ग्रिल बघून आले. चार बर्नर, वर झाकण, झाकणावर तापमानाचा काटा, खाली चाकं. मोबाईलवर त्याचे फोटो रोज दाखवायचे. मीही हो म्हणत होते. फक्त आपला घरचा सिलेंडर त्याला जोडता येईल का, एवढं विचारायला आम्ही मावशींकडे गेलो.

त्यांनी फोटो पाहिला. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिला. मग टेबल रिकामं केलं.

"बाई, तुम्ही करून दाखवा. आज मंगळवार. समजा, घरी साडेसात वाजलेत. काय करताय?"

मी हवेत बोंबील धुतले, मीठ-मसाला लावला, पीठ मळलं. मग शेगडी पेटवायची वेळ आली आणि माझा हात तिथेच थांबला. समोर साधं लाकडी टेबल होतं, तरी थांबला.

मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "साहेब, कोपऱ्यावर चहावाला आहे, त्याला तीन चहा सांगून या."

हे गेल्यावर त्यांनी माझी बाही वर केली. नव्या गुलाबी कातडीवरून बोट फिरवलं. मी रडायला लागले. घाबरू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भीती वाटायलाच पाहिजे. घाबरत नाही त्याची शेगडी मी हातात घेत नाही. फक्त भुकेलं राहायचं नाही."

चहा आल्यावर त्यांनी ह्यांना समजावलं. "साहेब, हे ग्रिल चांगलं आहे. पण ते रविवारचं आहे. तापायला वेळ, धुवायला वेळ. जाळीतून बोंबील खाली पडणार. तेल ठिबकलं की आग भडकून वर येणार. बाईंना ती बघायची आहे का?"

ह्यांनी फोटो बंद करून मोबाईल खिशात ठेवला. मला ह्यांची थोडी दया आली.

"मग काय घ्यायचं?" मी विचारलं.

"सपाट तवा. जाड लोखंडाचा, तुमच्याच शेगडीच्या दोन बर्नरवर बसेल असा. आग खाली, झाकलेली. एका बाजूला मासे, दुसऱ्या बाजूला भाकरी. वीस मिनिटांत सगळे जेवायला."

पण एवढं सांगून त्यांनी काही विकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून त्या आमच्या घरी आल्या आणि अंगणात नुसत्या उभ्या राहिल्या. संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. तो अंगावर घेऊन पाहिला. चिकूच्या झाडाखालची जागा नाकारली, फांद्या खाली होत्या. न्हाणीच्या भिंतीच्या आडोशाला खडूने चौकोन काढला. "शेगडी इथे. सिलेंडर तिकडे, उभा, तव्यापासून लांब. वर छप्पर घालू नका." तव्याच्या तीन बाजूंना बोटभर उंच कडा, चौथ्या बाजूला तेल उतरायला पन्हळ, आणि तवा बर्नरला चिकटून न बसता हवेला वाट राहील असे पाय. हे सगळं त्यांनी माझ्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर काढून दिलं.

तवा तलासरीला हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये करून घ्यायचा होता. शाळा सुटल्यावर मी तो ताब्यात घेतला तेव्हा कळलं की तो दहा-अकरा किलोचा आहे. वर्कशॉपवाल्याने एसटीत चढवून दिला. कंडक्टरने विचारलं, "बाई, हा दरवाजा कुठल्या खोलीचा?" उधव्याहून बाजार करून परत निघालेल्या दोन बायका शेजारी बसल्या होत्या. त्यांनी तवा वाजवून पाहिला, आपसांत वारलीत काहीतरी बोलल्या आणि मला म्हणाल्या, "एवढी मोठी भाकरी कोण खाणार?" मी कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन.

तवा आला, तेल चोळून, अर्धा कांदा घासून तीनदा तापवला. तापवला मावशींनी. मी दारात उभी.

त्यानंतर दुकानातून निघाल्या की त्या आधी आमच्याकडे यायच्या आणि साडेसातच्या ऐवजी पुढच्या गाडीने चिंचणीला जायच्या. पहिले दोन दिवस मला एकच काम होतं. साबणाचं पाणी करून नळीच्या जोडांवर ब्रशने लावायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. मग दोन दिवस रेग्युलेटर लावायचा आणि काढायचा. मग सिलेंडर बंद ठेवून नुसता लायटर दाबायचा. प्रत्येक वेळी पेटवायच्या त्याच. एकदा मी म्हटलं, "मावशी, माझ्याने नाही होणार." त्या म्हणाल्या, "आज नाही होणार. मुलीला भूक लागली आहे, सरका."

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी त्या आल्या त्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत साफ करून, दाबून पाणी काढलेले बोंबील. भावाने सकाळीच आणलेले. पिशवी माझ्या हातात देऊन त्या अंगणातल्या खुर्चीवर बसल्या. चपला काढल्या, पाय वर घेतले.

"आज मी पाहुणी," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतायत. जेवूनच जाईन."

मी बोंबलांना मीठ, हळद, तिखट लावलं. तांदळाच्या पिठात घोळवले. साबणाचं पाणी लावून बघितलं. रेग्युलेटर उघडला. आणि उभी राहिले. मावशी चिकूच्या झाडाकडे बघत होत्या. मुलगी पायरीवर बसून पाढे म्हणत होती, तीही थांबली. मी मावशींना हाक मारणार होते, पण पाहुणीला उठवून शेगडी पेटवायला कशी सांगणार? ताटातले बोंबील पाणी सोडायला लागले होते. दिवसभर काम केलेली ती बाई आमच्या दारात उपाशी बसली होती.

मी तोंड बाजूला केलं आणि लायटर दाबला.

पेटल्याचा छोटासा आवाज झाला, बस. जाड लोखंडाखाली निळी ज्योत जेमतेम दिसत होती. मावशींनी मान वळवली नाही. "दुसरा बर्नर बारीक ठेवा," एवढंच म्हणाल्या.

घाईत मी तवा नीट तापू दिला नाही. पहिले चार बोंबील चिकटले, उलटताना त्यांचे तुकडे झाले. "तुटलेले मला वाढा, अख्खे साहेबांना ठेवा," मावशी म्हणाल्या आणि मागून घेऊन, सावकाश, सगळं संपवलं. त्यांची पुढची गाडीही त्या दिवशी चुकली. शेवटी शेअर रिक्षाने गेल्या.

त्यानंतरची तीन वर्षं आमच्या घरातलं संध्याकाळचं जेवण त्या तव्यावर झालं. भाकरी, मासे, वांग्याचे काप, मुलीसाठी डोसे. पावसाळ्यात मी आत, स्वयंपाकघरातही पेटवायला लागले, खिडकी उघडी ठेवून. ह्यांना ग्रिलची आठवण अधूनमधून यायची, पण कोंबडी तव्यावर भाजून ते स्वतःच म्हणाले, "जमतंय." मावशी मंगळवारी कधीकधी यायच्या. मी त्यांचे किती उपकार झाले ते बोलायला लागले, की त्या नळीवरची मुदतीची तारीख बघायला उठायच्या.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बर्नरची भोकं दिसेनात, तेव्हा २०१८च्या दिवाळीनंतर त्यांनी दुकान बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला कळलं ते बऱ्याच दिवसांनी, चिंचणीहून येणाऱ्या एका सहकारी शिक्षिकेकडून. शेवटचं भेटायचं राहिलं, असं मला म्हणता येणार नाही. दुकान बंद केलं त्या दिवशी त्या आमच्याकडेच जेवायला आल्या होत्या.

जेवण व्हायच्या आधीच खुर्चीत त्यांना झोप लागली. वारा छान होता. मी भाकऱ्या हळूच उलटत होते, मुलीने अभ्यास मनातल्या मनात केला. गाडीची वेळ झाली तरी ह्यांनी उठवू दिलं नाही. म्हणाले, "मी सोडतो चिंचणीला."

जाग आल्यावर त्या जेवल्या, हात धुतले आणि हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ह्यांच्या मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. मी फाटकाशी उभी होते.

"बाई, रेग्युलेटर बंद केलात?"

"केला, मावशी."

"बघून या."

मी मागच्या अंगणात गेले. वाकून, हात लावून बघितलं. परत आले तोवर गाडी सुरू होती आणि त्या वाट बघत होत्या.

"बंद आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, साहेब."