डेलियाचा वॉच

डिसेंबर लागला की पेडणेकर काका कानटोपी घालून कॉरिडॉरमध्ये कुंडीपाशी उभे राहायचे. सिंगापूरचा डिसेंबर म्हणजे नुसता पाऊस. पंखा बंद केला तर घाम फुटेल असा. माझी मुलगी तिच्या सिंगापुरी बोलीत त्यांना ऐकवायची, "काका, इथे विंटर नसतो लाह." त्यावर काका शांतपणे म्हणत, "तुला नसेल. डेलियाला असतो."

काका जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. पाया लेबारला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. डेलिया इथे टिकत नाही असं नर्सरीवाल्याने सांगितलं, तेव्हापासून ते इरेला पेटले होते. झाड फुललंसुद्धा, पण वर्षअखेरच्या पावसात त्याचे कंद कुजायचे. दोन वर्षं हेच झालं. तिसऱ्या वर्षी त्यांनी पावसाआधीच कंद उकरले, सावलीत सुकवले, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरले. नेमकं तेव्हाच गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. खोकं माझ्या हातात देत काका म्हणाले, "आता वॉच तुझा. जहाजावर वॉच, म्हणजे आपली पाळी, दुसऱ्याला सोपवताना बिघाड आधी सांगायचा, बातमी नंतर."

मी खोकं स्वयंपाकघरात कोरड्या जागी ठेवलं. साताऱ्याहून आलेल्या आईला मात्र सांगायचं राहून गेलं. एकादशीला तांजोंग पगारच्या ऑफिसातून घरी आलो, तर ताटात उकडलेली रताळी. मी दोनदा वाढून घेतली.

"तुमच्या इथली रताळी अगदीच मिळमिळीत," आई म्हणाली, "आणि पेपरात कसली गुंडाळून ठेवता?"

मी उठून खोकं उघडलं, तर आत नुसते कागद.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात जाताना मनात नाना सबबी तयार केल्या होत्या. काकांनी "वॉच?" एवढंच विचारलं आणि मी सगळं कबूल करून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी विचारलं, "देठाकडचे तुकडे कुठे टाकले?"

मी आईला फोन लावला. ते निबर लागले म्हणून तिने उकडण्याआधीच कापून खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकले होते. काका ताडकन उठून बसले. "अरे, कंदाचा डोळा तिथेच असतो. पळ."

मी खरोखरच पळालो. पाच तुकडे सापडले. चार कुजले. पाचव्याला जानेवारीत कोंब फुटला, तेव्हा आईने त्याची दृष्ट काढली आणि काका काठी टेकत दिवसातून चारदा त्याला बघायला येऊ लागले.

एप्रिलमध्ये ते मुलीकडे नाशिकला कायमचे निघाले. खाली टॅक्सीत बॅगा चढल्या.

"बिघाड?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही चाललात."

काकांनी चष्मा काढून पुसला. "आणि बातमी?"

"कळी उमललीय. आज सकाळीच. तुमच्या बांधाबांधीत सांगायचं राहिलं."

टॅक्सीवाला हाका मारत राहिला. काका मागे वळले आणि नव्या गुडघ्याने भराभर लिफ्टकडे निघाले.