म्हशीने तोंड फिरवलं

नदीच्या वरच्या अंगाला डुकरं पाळणाऱ्याने आम्हा खालच्या गावांना फसवलं. सांडपाणी खड्ड्यात जिरवीन म्हणाला आणि नदीत सोडून दिलं.

आमच्याकडे म्हशीचा सौदा ठरवण्याआधी तिला नदीवर नेतात. भरपूर पाणी पिणारी म्हैस भरपूर दूध देते, अशी जुनी समजूत. मी म्हशींचा व्यापारी; काल एक गिऱ्हाईक आणि म्हैस घेऊन घाटावर गेलो. पाण्यावर काळपट फेस तरंगत होता. म्हशीने नाक लावलं, फुरफुरली आणि मागे सरली.

"आजारी दिसतीय, शेठ."

"म्हैस धडधाकट आहे, पाहुणं. नदी आजारी आहे."

"मग नदी बरी झाली की बोलवा," असं म्हणून तो हसत निघून गेला.

भल्याभल्यांना मी भावात वाकवलंय. पण वाहत येणाऱ्या घाणीशी घासाघीस कशी करायची? माझं ऐकायला ती थांबतसुद्धा नाही. म्हैस मात्र थांबली होती. तहानलेली, पाण्यावरून नजर न काढता. तिचा कासरा ओढायलाही माझा हात उचलेना.

त्या डुकरं पाळणाऱ्याने या घाटावर यावं आणि तिच्यादेखत ओंजळभर पाणी पिऊन दाखवावं. पिववलं नाही, तर तिने काय प्यायचं ते सांगून जावं.