मागे किती जण आहेत?

आमच्या ग्रुपमध्ये घाबरट माणसं जास्त, त्यामुळे किस्सेही जास्त. ज्याला भीती वाटत नाही त्याच्याकडे सांगायला असणार काय? ‘मस्त होतं यार,’ एवढंच! आम्ही मात्र एकदा बर्फात जाऊन आलो की पुढची सगळी पॉटलक जेवणं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायची, त्यावर निघतात. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतंच, “ते एटीव्हीवालं सांग ना!” एकच असेल तर सांगू ना!

ग्रुप म्हणजे मी, माझा नवरा मिलिंद, सुधीर आणि त्याची बायको केतकी. सगळे अमेरिकेत, श्रूजबरीत राहतो, सगळे आयटीत. शिवाय आमची इरा, पंधरा वर्षांची. हिवाळ्यात न्यू हॅम्पशायरला डोंगरात केबिन घेतो आणि स्नोमोबिल चालवतो. पुढे दोन स्की, मागे फिरणारा पट्टा. आम्ही तिला स्लेडच म्हणतो. तिथली ट्रेल मात्र शेअर्ड आहे. म्हणजे त्याच अरुंद वाटेवर एटीव्हीवालेही येतात, चार जाडजूड चाकांच्या त्या उघड्या गाड्या घेऊन. दोन्हीकडे झाडी, वळणापलीकडचं काही दिसत नाही.

यंदा इरानं सेफ्टी कोर्स केला आणि स्वतःची वेगळी स्लेड मागितली. तुम्ही ऐकताना खुशाल हसा. मला तेव्हा अजिबात हसू आलं नव्हतं.

* * *

पहिल्या वर्षी आम्हाला हे शेअर्ड प्रकरण माहीतच नव्हतं. सुधीर पुढे होता. वळणावर अचानक समोर एटीव्ही! दोघांनी करकचून ब्रेक मारले. सुधीरची स्लेड आडवी झाली, मागे बसलेली केतकी बर्फात. मला वाटलं, संपलं सगळं.

केतकी उठून बर्फ झटकेपर्यंत सुधीरनं त्या माणसाला लेक्चर द्यायला सुरुवात केली. ही स्नोमोबिलची ट्रेल आहे, तुम्ही इथे आलातच कसे, वगैरे वगैरे. त्या बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आम्ही जिथून आलो तिकडे नुसतं बोट दाखवलं. ट्रेलच्या तोंडाशी हा एवढा मोठा बोर्ड होता. त्याच्यासमोर उभं राहून आम्ही सेल्फी काढला होता!

केतकी मूळची नागपूरची. ती म्हणाली, “अख्खं आयुष्य पुण्यात काढलं या माणसानं, आणि पाटी न वाचता पुढे गेला!”

* * *

एटीव्हीची चाकं मऊ बर्फात खोल चाकोऱ्या पाडतात. थंडी वाढली की त्या दगडासारख्या कडक होतात. त्यात स्लेडची स्की अडकली की हँडल फिरवून काही उपयोग नसतो. हे ज्ञान मला मिलिंदच्या मागे बसून, त्याच्या जॅकेटला दोन्ही हातांनी लटकून मिळालं.

ट्रेल डावीकडे वळली. आम्ही वळलो नाही. समोर उतार, आणि उताराखाली ओढा.

“अरे वळव! मिलिंद, वळव ना!” मी किंचाळत होते.

“अगं, मी कुठे चालवतोय!” तो ओरडला. “काल जो एटीव्हीवाला इथून गेला ना, तो चालवतोय!”

कालच्या त्या अनोळखी माणसाला ओढ्याच्या अलीकडे वळायची बुद्धी झाली होती, म्हणून आज मी तुमच्यासमोर बसून शिरा खातेय.

* * *

तळ्याचा किस्सा केतकी सांगते तेव्हा तिचा आवाज अजूनही बारीक होतो.

ट्रेल एका गोठलेल्या तळ्यावरून जाते. मला त्या तळ्याची सगळ्यात जास्त भीती. आम्ही काठाशी थांबून बर्फ पुरेसा जाड असेल का, यावर चर्चा करत होतो. म्हणजे वादच! तेवढ्यात सुधीरला तळ्याच्या मधोमध एक एटीव्ही उभी दिसली. शेजारी एक आजोबा खुर्ची टाकून मासे पकडत बसलेले. झालं! एवढी जड गाडी उभी आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. निघालो.

मध्यावर पोचलो आणि खालून आवाज आला. लांबलचक, पोट बिघडल्यासारखा. केतकीनं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. आजोबा मात्र हसतमुख. म्हणाले, “बरं झालं आलात. आज मी जरा भीतभीतच आत आलो. काठाशी स्लेडचे ठसे दिसले, म्हटलं, चला, ते गेलेत म्हणजे बर्फ पक्का असणार. तुमचेच ना ते ठसे?”

आमचे नव्हते!

आम्ही हळूच स्लेड काठाकडे वळवल्या. आजोबांनीसुद्धा खुर्चीची घडी केली.

* * *

सुधीरला सवय आहे, समोरून कोणी आलं की हात उंच करून पंजा हलवायचा. टाटा! आणि गंमत म्हणजे एटीव्हीवाले त्याला फार मान द्यायचे. बाजूला व्हायचे, थेट झाडांना चिकटून थांबायचे, आम्ही सगळे गेलो तरी हलायचे नाहीत. सुधीर खूश. “काय संस्कारी लोक आहेत, यार!”

यंदा इरा कोर्स करून आली आणि तिनं आमची शाळा घेतली. सगळ्यात पुढचा असतो तो समोरच्याला बोटं दाखवतो. आपल्यामागे जितक्या स्लेड, तितकी बोटं. सगळ्यात शेवटचा असतो तो मूठ दाखवतो. मूठ म्हणजे मागे कोणी नाही, या आता रस्त्यावर.

“आणि पाच बोटं?” सुधीरनं विचारलं.

“फाइव्ह ऑर मोअर, काका.”

इतकी वर्षं ती माणसं थंडीत कुडकुडत आमच्या मागच्या वरातीची वाट बघत थांबली होती!

* * *

आणि हा शेवटचा. हा मी एकदाच सांगते आणि मग विषय बदलते.

फेब्रुवारीत इरा पहिल्यांदा एकटी स्लेड चालवणार होती. आदल्या आठवडाभर मी नीट झोपले नव्हते. कोणी कुठे राहायचं, यावर केबिनमध्ये मीटिंग झाली. पुढे मिलिंद, म्हणजे समोरून येणाऱ्यांना तो सिग्नल देईल. त्याच्यामागे इरा. तिच्यामागे वेगळ्या स्लेडवर मी, म्हणजे ती माझ्या नजरेसमोर राहील. शेवटी सुधीर-केतकी एका स्लेडवर. मधली जागा सगळ्यात सेफ, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

थंडी मरणाची होती. मिलिंदची बोटं बधिर व्हायला लागली, म्हणून त्यानं ग्लव्ह काढून केबिनमधले जाड, फुगीर मिटन घातले. अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एका पिशवीत, तसले.

ट्रेल चढावर उजवीकडे वळत होती. मिलिंद वळणाआड गेला. त्याच्यामागे इरा गेली. आणि मी वळणावर पोचले तर समोरून एटीव्ही, अगदी वाटेच्या मधोमध, आणि इरा थेट त्या गाडीसमोर!

मी ओरडले. हेल्मेटमध्ये माझा मलाच आवाज आला, बाकी कोणालाच नाही. इरानं हँडल ओढलं, स्लेड कडेच्या बर्फात घुसली आणि ती दिसेनाशी झाली. एटीव्ही घसरत घसरत आडवी थांबली, बरोबर जिथे इरा होती तिथे.

मी कशी उतरले, कशी पळाले, मला आठवत नाही. कमरेपर्यंत बर्फ. आधी हेल्मेट सापडलं, मग हेल्मेटमधली इरा.

“आय ॲम फाइन, आई. आई! स्टॉप पुलिंग माय आर्म!”

मी तिला सोडलंच नाही. रडत होते नुसती.

एटीव्हीवाला धिप्पाड, दाढीवाला माणूस. त्याच्यानं हेल्मेटचा बंद सुटेना. सारखं एकच म्हणत होता, “त्यानं मूठ दाखवली. मी बाजूला थांबलो होतो. त्यानं मूठ दाखवली म्हणून मी निघालो.”

तेवढ्यात वळणावरून मिलिंद धावत आला. एक हात अजून वरच. चेहरा पांढराफटक. “तीन!” तो ओरडत होता. “मी तीन दाखवले! थ्री! आय शोड यू थ्री!”

“मूठ होती,” तो माणूस म्हणाला आणि खालीच बसला.

“तीन!”

इरानं माझ्या मिठीतून स्वतःला सोडवलं, बर्फातून वाट काढत बाबाजवळ गेली आणि त्याच्या वर केलेल्या हातावरचं मिटन ओढून काढलं.

आत तीन बोटं ताठ उभी होती.