पितळी कासव आणि पाचवा मासा

हसून घ्या नातवंडांनो, पण तरुणपणी मी खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये पितळेचं कासव सोडलं होतं, तेही चिंचेनं घासून लखलखीत करून! पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याची सून, पितळ मिरवणारच. दोन दिवसांत चार मासे उलटे तरंगले, पाचवा धापा टाकू लागला.

शोभेचे मासे विकणाऱ्याला बोलावलं. हा गृहस्थ फक्त माशांशी बोलायचा, माणसांकडे बघायचाही नाही.

"काय पाजलं रे तुले, राजा?" पाचव्याला विचारत त्यानं बाही सरसावली आणि कासव बाहेर काढलं. "खाऱ्या पान्यात पितळाचं जहर उतरते ना बाप्पा!"

माशाला तो दुकानी घेऊन गेला. आठवड्यानं टुणटुणीत करून आणला, मी बदलून ठेवलेल्या नव्या खाऱ्या पाण्यात सोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, मासा पान्यात ठेवा, कासव देव्हाऱ्यात ठेवा, अन् चिंच वरनात टाका जी!"