नंबराखालच्या रेघा

समजा, तुम्ही मिरजेत जुनी कॉन्टेसा गाडी घ्यायला उभे आहात. मालक म्हणतो, आत जपानी बनावटीचं ताकदवान इंजिन आहे. बॉनेट उघडल्यावर तुम्ही आधी काय बघाल? इंजिनावरचा नंबर? नंबर कोणीही ठोकतं. कुपवाडचे भूपाल मगदूम नंबराखालचं बीड, म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंड, बघतात. कारखान्यातल्या मशीनच्या बारीक रेघा आकड्यांखालून सलग गेलेल्या असतात. घासून नवा नंबर ठोकला, की त्या पुसल्या जातात.

१९९४ साली भूपालना मिरजेत अशीच एक कॉन्टेसा बघायला नेलं ते जिनगोंडा पाटलांनी. दोघं आयटीआयला एकाच बाकावर होते. भूपाल अजून दुसऱ्याच्या मिलिंग मशीनवर, लुनावरून कामाला जाणारे. जिनगोंडांची स्वतःची दोन वर्कशॉप. इंजिन नकली निघावं, असं मनाशी घोकतच भूपाल वाकले. रॉकेलच्या चिंधीनं तेलकट मळ पुसला. रेघा अखंड होत्या.

"काय रं, गप का? खोटं हाय व्हय?" जिनगोंडा म्हणाले. "तू न्हाई म्हण, हितनंच माघारी फिरतो."

एका शब्दाचं काम होतं. भूपाल चिंधीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "अस्सल हाय. घे."

"ते मगाशीच वळखलं गड्या. तुझं तोंड पडलं तवाच!" जिनगोंडा मोठ्यानं हसले आणि किल्ली मागायला गेले.

कॉन्टेसा कधीच विकली गेली. भूपाल मला आजही विचारतात, "ती चेष्टा हुती, का त्याला माझ्या मनातलं खरंच दिसलं हुतं?"